पास देणारा गडी

मंडळी, फुटबॉलचा सामना पाहायला आपण जातो तेव्हा आपली नजर कुठे असते? चेंडूवर. चेंडू जिकडे जाईल तिकडे हजारो डोळे धावतात, आणि गोल झाला की ज्याच्या पायाचा शेवटचा स्पर्श चेंडूला झाला त्याचे नाव घेत आपण घरी येतो. पण त्याच्या आधी तो चेंडू दिला कुणी? बचावाच्या दोन गड्यांमधली हातभर फट हेरली कुणी? असे विचारले तर दहांतले आठ जण डोकं खाजवतील. आज मी ज्याच्याविषयी बोलणार आहे तो या हातभर फटीचा माणूस. त्याचे नाव ख्रिस्तियान एरिक्सन, देश डेन्मार्क. २०२१ साली भर मैदानात त्याचे हृदय बंद पडले, ती बातमी तुमच्यापैकी अनेकांनी तेव्हा ऐकली असेल. पुष्कळांना तो तेवढ्यावरूनच ठाऊक आहे. पडलेला माणूस चटकन लक्षात राहतो, हे खरेच. पण तो पडण्यापूर्वी काय होता हे ठाऊक नसेल, तर पुन्हा उभा राहिला म्हणजे काय झाले, हेही नीट कळायचे नाही. म्हणून जरा मागून सुरुवात करतो.

आधी त्याची जागा समजून घेऊ. फुटबॉलच्या संघात गडी अकरा. एक गोल राखणारा, मागे बचावाची फळी, पुढे आघाडीची, आणि या दोहोंना सांधणारी मधली फळी. या मधल्या फळीत एखादा असा असतो की त्याचे चित्त सदा समोरच्या गोलाकडे. त्याला इंग्रजीत अटॅकिंग मिडफिल्डर म्हणतात. आपण चढाईचा मधला गडी म्हणू. त्याचे काम पळण्याचे कमी आणि पाहण्याचे जास्त. चेंडू पायाशी आल्यावर ‘आता कुणाला देऊ’ असा विचार जो करू लागला, त्याच्या पायातून चेंडू गेलाच म्हणून समजा. चेंडू यायच्या आधीच मान डावीकडे, उजवीकडे, मागे वळवून कोण कुठे उभा आहे, कोण कुठे निघाला आहे, याचे चित्र त्याच्या डोक्यात तयार पाहिजे. शिक्षकमंडळींना हे समजावून सांगायला नको. फळ्यावर लिहीत असताना पाठ वर्गाकडे असते, तरी शेवटच्या बाकावर काय चालले आहे ते चांगल्या मास्तरांना कळते की नाही? अगदी तसेच.

हा मुलगा जन्मला १४ फेब्रुवारी १९९२ रोजी, मिदेलफार्त नावाच्या गावात. डेन्मार्क हा बेटांचा देश. सारी लोकसंख्या साठ लाखांच्या आसपास, म्हणजे आपल्या एकट्या मुंबईत त्याहून अधिक माणसे राहतात. त्यातल्या फ्यून बेटाच्या पश्चिम टोकाला, खाडीच्या काठी हे गाव आहे. आपल्याकडच्या एखाद्या लहान तालुक्याच्या गावाएवढे. त्याच बेटावर ओदेन्से हे शहर आहे. ज्यांच्या परीकथा आपण मुलांना सांगतो त्या हान्स ख्रिश्चन अँडरसनचे ते जन्मगाव. एरिक्सन चालायला लागला तेव्हापासून गावच्या क्लबात चेंडूमागे असे. वडीलच त्याला तिथे शिकवीत. तेराव्या वर्षी तो ओदेन्सेच्या मोठ्या क्लबात गेला.

आणखी एक योगायोग सांगतो. तो चार महिन्यांचा असताना डेन्मार्कने युरोपचे अजिंक्यपद मिळवले. तीही गंमतच. डेन्मार्कचा संघ त्या स्पर्धेला पात्रच ठरला नव्हता. युगोस्लाव्हियात युद्ध पेटले, त्या संघाला वगळले, आणि ऐन वेळी डेन्मार्कला बोलावणे आले. आयत्या वेळी पंगतीला बोलावलेल्या पाहुण्याने साऱ्या पंगतीची वाहवा मिळवावी, तसे घडले. अंतिम सामन्यात त्यांनी जर्मनीला २-० असे हरवले. मोठमोठे देश समोर असले तरी घाबरायचे कारण नाही, असे मानणाऱ्या पिढीत हे पोर वाढले.

सोळा वर्षांचा होईतो त्याच्यावर बड्या क्लबांची नजर पडली होती. चेल्सी, बार्सिलोना, मिलान अशा ठिकाणी तो चाचणी देऊन आला होता. त्या वयाच्या मुलाने आणि त्याच्या आईबापांनी कुठे हुरळून जायचे? तिथेच. पण पहिले पाऊल फार मोठे टाकायचे नाही, असे म्हणून २००८ साली त्याने हॉलंडमधल्या आयाक्स क्लबची वाट धरली. पोरांना घडवण्यासाठी हा क्लब नावाजलेला. तिथे पोराला आधी चेंडू थांबवायला शिकवतात, मग द्यायला, आणि मग कुठे त्याला गर्दीपुढे उभा करतात. मला विचाराल तर एरिक्सनच्या साऱ्या आयुष्यात याच्याइतका शहाणा निर्णय दुसरा नाही. २०१० च्या जानेवारीत तो आयाक्सच्या मुख्य संघातून खेळला, मार्चमध्ये डेन्मार्ककडून, आणि जूनमध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या विश्वचषकात उतरला. त्या साऱ्या स्पर्धेत त्याच्याहून लहान खेळाडू नव्हता. वय अठरा. पुढे २०११, २०१२ आणि २०१३ अशी सलग तीन वर्षे आयाक्सने हॉलंडची लीग जिंकली, आणि तिन्ही वेळा हा संघात होता.

२०१३ च्या उन्हाळ्यात लंडनच्या टॉटनहॅम हॉटस्पर या क्लबाने आपला सर्वांत मोठा खेळाडू गॅरेथ बेल विक्रमी किमतीला विकला, आणि त्या पैशांतून सात नवे खेळाडू आणले. त्या सातांत एरिक्सन होता. किंमत साधारण १ कोटी १० लाख पौंड. फुटबॉलच्या बाजारात ही किंमत स्वस्तच म्हणायची. आणि सातांतला खरा फळलेला सौदा हाच! साडेसहा वर्षांत ३०५ सामने, ६९ गोल, आणि नुसत्या इंग्लिश लीगमध्ये साठांवर गोल त्याने दुसऱ्यांना करून दिले. हॅरी केन गोलांमागून गोल करीत होता तेव्हा त्याच्या पायात चेंडू नेमका पोचवणाऱ्यांत हा गडी पहिला. फ्री किक घ्यायची तर त्यानेच. पंचाने बोट दाखवले की चेंडू हळूच जमिनीवर ठेवायचा, दोन-चार पावले मागे जायचे, आणि भिंतीसारख्या उभ्या गड्यांच्या डोक्यावरून तो असा वळवून टाकायचा की गोलरक्षक हवेत झेपावूनही हात चोळत राहावा.

त्याच्यावर टीकाही होत असे. हा थंड आहे, अंगाला अंग भिडवत नाही, मोठ्या सामन्यात दिसेनासा होतो, असे म्हणत. त्यात थोडे तथ्य होते. २०१९ साली टॉटनहॅम चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यापर्यंत पोचला आणि माद्रिदमध्ये लिव्हरपूलकडून २-० असा हरला. त्या दिवशी एरिक्सनचा प्रभाव फारसा जाणवला नाही. २०१८ च्या विश्वचषकात क्रोएशियाविरुद्ध सामना पेनल्टीवर गेला. डेन्मार्कची पहिली पेनल्टी घ्यायला हा गेला आणि ती अडवली गेली. डेन्मार्क घरी परतला. पण त्या विश्वचषकात डेन्मार्क गेला कसा, हेही सांगायला हवे ना? नोव्हेंबर २०१७ मध्ये डब्लिनला आयर्लंडविरुद्ध निर्णायक सामना होता. सहाव्याच मिनिटाला आयर्लंडने गोल केला आणि सारे मैदान नाचू लागले. शेवट काय झाला? डेन्मार्क ५, आयर्लंड १. त्या पाचांतले तीन गोल एकट्या एरिक्सनचे. मोठ्या सामन्यात दिसेनासा होणारा हाच तो!

जानेवारी २०२० मध्ये तो इटलीत इंटर मिलान क्लबात गेला. तिथे वर्षभर बहुतेक वेळ बाकावर. ज्याचे नाव पोस्टरवर असायचे त्याने अंगावर राखीव गड्याचे जाकीट घालून शेवटच्या पाच मिनिटांची वाट पाहायची, ही शिक्षा काय असते ते खेळाडूलाच ठाऊक. त्याने तक्रार केली नाही म्हणून ती त्याला झोंबली नसेल असे नाही. मग २०२१ च्या जानेवारीत, मिलानच्याच दुसऱ्या क्लबाविरुद्ध चषकाच्या सामन्यात, सत्याण्णवाव्या मिनिटाला फ्री किक मिळाली. पुढचे तुम्ही ओळखलेच असेल. त्या गोलानंतर संघात त्याची जागा पक्की झाली, आणि मे महिन्यात इंटरने अकरा वर्षांनी इटलीची लीग जिंकली. एरिक्सनचे वय तेव्हा एकोणतीस. मधल्या फळीतल्या खेळाडूचा ऐन बहराचा काळ.

त्यानंतर सहा आठवड्यांनी, १२ जून २०२१ च्या संध्याकाळी, कोपनहेगनच्या पार्केन मैदानात युरो स्पर्धेचा डेन्मार्क-फिनलंड सामना होता. मध्यंतराला दोन-तीन मिनिटे बाकी. चेंडू बाजूच्या रेषेबाहेर गेला, डेन्मार्कच्या गड्याने तो हातांनी आत फेकला. एरिक्सन चेंडू घ्यायला दोन पावले आला आणि कुणाचा धक्का नाही, कुणाचा स्पर्श नाही, तसाच पुढे कोसळला. चेंडू त्याच्या अंगावर आदळून बाजूला घरंगळला.

इथून पुढची मिनिटे मी सावकाश सांगतो, कारण त्यांतल्या प्रत्येकाला मोल आहे. इंग्लिश पंच अँथनी टेलर यांनी तत्काळ खेळ थांबवला आणि हातवारे करून डॉक्टरांना बोलावले. कप्तान सिमोन क्येर धावत आला, त्याने मित्राला कुशीवर वळवले. संघाचे डॉक्टर पोचले तेव्हा श्वास चालू होता, नाडी लागत होती. क्षणात चित्र बदलले, नाडी गेली. लगेच छाती दाबायला सुरुवात झाली. क्येरने बाकीच्या गड्यांना बोलावून भोवती कडे करवले, सगळ्यांची तोंडे बाहेरच्या बाजूला, म्हणजे मित्राची ती अवस्था हजारो लोकांना आणि कॅमेऱ्यांना दिसू नये. कुणी रडत होते, कुणी डोळे मिटून उभे होते. पण कडे मोडले नाही. तेवढ्यात विजेचा धक्का देणारे यंत्र आले. एकच धक्का दिला आणि हृदय पुन्हा चालू झाले. तिथल्या एका डॉक्टरांनी नंतर सांगितले की थोड्याच वेळात त्याने डोळे उघडले आणि आपण परत आलो आहोत, असे तो बोलला; वर, आपले वय तर अवघे एकोणतीस, असेही. तो स्वतः पुढे म्हणाला की पाच मिनिटे आपण या जगात नव्हतो.

ही गोष्ट इथे जरा थांबवतो, कारण ती आपल्याही गावातल्या मैदानाची आहे. हृदयविकाराचा झटका आणि हृदय बंद पडणे या दोन गोष्टी एक नव्हेत. झटक्यात हृदयाला रक्त पुरवणारी वाहिनी तुंबते. माणूस कळा सोसतो, पण बहुधा शुद्धीवर असतो. हृदय बंद पडते तेव्हा त्याच्या ठोक्यांची लय बिघडते. ते नुसते थरथरत राहते आणि मेंदूकडे रक्त जात नाही. माणूस काही क्षणांत बेशुद्ध होतो. नुसते पाहत राहिलात तर दर मिनिटाला जगण्याची आशा सातापासून दहा टक्क्यांनी घटत जाते. अशा वेळी छातीच्या मधोमध दोन्ही तळहात एकावर एक ठेवून, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा, पाचेक सेंटिमीटर खोल दाबत राहायचे, आणि दुसऱ्याने १०८ ला फोन करायचा. तोंडावर पाणी मारणे, कांदा हुंगवणे, यात वेळ दवडायचा नाही. हे हातांनी करून पाहावे लागते, नुसते ऐकून येत नाही. शाळेच्या खेळाच्या तासाला एखाद्या डॉक्टरांना बोलावून पोरांना दाखवता येईल.

गोव्याच्या फुटबॉलवेड्या मंडळींना यावरून एक दुसरी तारीख आठवल्यावाचून राहणार नाही. ५ डिसेंबर २००४. बंगळुरूला फेडरेशन चषकाचा अंतिम सामना होता. गोव्याच्या डेम्पो क्लबाकडून खेळणारा ब्राझीलचा क्रिस्तियानो ज्युनिअर याने दोन्ही गोल केले. दुसरा गोल करताना समोरच्या गोलरक्षकाशी त्याची टक्कर झाली आणि तो कोसळला. तो पुन्हा उठला नाही. डेम्पोने सामना २-० असा जिंकला, पण तो आनंद कुणाला व्हायचा? एरिक्सनची गोष्ट सांगताना मला हा मुलगा नेहमी आठवतो.

कोपनहेगनला काय झाले ते पुढे सांगतो. एरिक्सनला स्ट्रेचरवरून मैदानाजवळच्याच मोठ्या रुग्णालयात नेले. मैदानात कुणाला काही कळत नव्हते. तेव्हा फिनलंडच्या लोकांनी ‘ख्रिस्तियान’ अशी आरोळी ठोकली, समोरून डेन्मार्कच्या लोकांनी ‘एरिक्सन’ म्हणून ओ दिली, आणि हे कितीतरी वेळ चालले. तो शुद्धीवर असल्याचे कळल्यावर, त्याच रात्री खेळायचे की दुसऱ्या दिवशी दुपारी, असे खेळाडूंना विचारले गेले. ते त्याच रात्री खेळले आणि १-० ने हरले. सारा वेळ धीर न सोडलेला क्येर उत्तरार्धात खेळ अर्धा टाकून बाहेर गेला. त्याच्याने पुढे होईना. त्या रात्री खेळायला नको होते, असे प्रशिक्षक कास्पर ह्युल्मंड नंतर म्हणाले. मलाही तसेच वाटते. ज्यांनी तासाभरापूर्वी मित्राला मरताना पाहिले त्यांना ‘आज खेळता की उद्या’ असे विचारणे हा काही पर्याय नव्हे. तरीही तो संघ पुढे रशियाला, वेल्सला, चेकियाला हरवून उपांत्य फेरीपर्यंत गेला.

एरिक्सनच्या छातीत कातडीखाली एक लहानसे यंत्र बसवले. ते हृदयाच्या लयीवर पहारा ठेवते. लय बिघडली तर आतूनच धक्का देते. म्हणजे पार्केनवर डॉक्टरांनी केले ते काम आता हा खिशातल्या घड्याळाएवढा पहारेकरी करणार. पण इटलीच्या नियमांनुसार असे यंत्र असलेल्याला स्पर्धेत खेळता येत नाही. डिसेंबर २०२१ मध्ये इंटरशी करार संपला. आता घरी बसावे, पोराबाळांत रमावे, असे कुणालाही वाटले असते, आणि त्यात काही कमीपणाही नव्हता. आयाक्समधला त्याचा जुना सोबती डाले ब्लिंद मात्र तसलेच यंत्र छातीत घेऊन खेळत होता. तेव्हा वाट अगदीच बंद नव्हती.

एरिक्सनने ओदेन्सेला, मग आयाक्सच्या पोरांबरोबर सराव केला. ज्या मैदानांवर तो वाढला तिथेच पुन्हा पाढे गिरवले म्हणा ना. जानेवारी २०२२ मध्ये लंडनच्या ब्रेंटफर्ड या लहान क्लबाने त्याला घेतले. तिथला प्रशिक्षक थॉमस फ्रँक डॅनिश. त्याने एरिक्सनला सतरा वर्षांखालच्या संघात शिकवले होते. २६ फेब्रुवारी २०२२ रोजी, २५९ दिवसांनी, तो मैदानात उतरला. सामना ब्रेंटफर्ड हरला, पण त्याने उजव्या बाजूने, डाव्या बाजूने, तसेच पास टाकायला सुरुवात केली. खाली घसरत चाललेला तो क्लब मोसमाअखेर तेराव्या स्थानावर सुखरूप राहिला.

महिन्याभराने आम्स्टरडॅममध्ये, आयाक्सच्याच मैदानावर, डेन्मार्क हॉलंडविरुद्ध खेळत होता. मध्यंतरानंतर एरिक्सन आत आला आणि दोन मिनिटांच्या आत गोल! डच प्रेक्षक आपल्या संघावर गोल झाल्यावर उभे राहून टाळ्या वाजवत होते. तीन दिवसांनी पार्केन. तेच मैदान, तेच गवत. या वेळी दंडावर कप्तानाची पट्टी. सर्बियाविरुद्ध डेन्मार्कने ३-० असा विजय मिळवला, त्यात एक गोल त्याचा.

पुढचे झटपट सांगतो. २०२२ ते २०२५ तो मँचेस्टर युनायटेडमध्ये होता. लीग चषक आणि एफ. ए. चषक जिंकणाऱ्या संघांत त्याचा वाटा होता, पण वय पायांत उतरू लागले होते आणि शेवटी शेवटी तो बाकावर अधिक दिसे. कतारच्या विश्वचषकात खेळायचे ध्येय त्याने ठेवले होते, ते २०२२ मध्ये पुरे झाले, जरी डेन्मार्क पहिल्याच फेरीत बाद झाला. २०२४ मध्ये डेन्मार्ककडून सर्वाधिक सामने खेळण्याचा क्येरचा विक्रम त्याने मागे टाकला. कुशीवर वळवणाऱ्याचा विक्रम! २०२५ च्या सप्टेंबरात तो जर्मनीत वोल्फ्सबुर्ग क्लबात गेला.

एक गोल सांगायचा राहिला. १६ जून २०२४, श्टुटगार्ट, पुन्हा युरो स्पर्धा, समोर स्लोव्हेनिया. पार्केनवरच्या त्या संध्याकाळला अकराशे दिवस झाले होते. सतरावे मिनिट. चेंडू बाजूच्या रेषेबाहेर गेलेला. डेन्मार्कच्या गड्याने तो हातांनी आत फेकला, अगदी त्या दिवशीसारखाच. एकाने पायाच्या हलक्या स्पर्शाने तो पेनल्टीच्या चौकटीत वळवला. एरिक्सन तिथे आधीच पोचला होता. त्याने चेंडू छातीवर घेतला, हो, छातीवरच, खाली पडू दिला आणि गोलात मारला. पुढे स्लोव्हेनियाने बरोबरी साधली, सामना १-१ असा सुटला. तो पास देणारा होता योनास विंड. त्याचे नाव मुद्दाम सांगून ठेवतो.